ताराची शनिवारची सुट्टी

भूत, पिशाच्च, चकवा, करणी... यातल्या कशावरही माझा काडीचा विश्वास नाही. पूर्वी नव्हता आणि हे लिहून झाल्यावर बसेल असंही वाटत नाही. या सदरातले अनुभव मी नेमाने वाचते, पण ते हसण्यासाठी. घाटात पांढऱ्या साडीतली बाई लिफ्ट मागते आणि नेमकी अमावस्येलाच मागते. त्या बाईला कधी दुसरी साडी का मिळत नाही आणि दिवसाउजेडी वेळ का होत नाही, हे एकाही लेखकाने आजवर सांगितलेलं नाही.

माझा अनुभव सकाळचा आहे. लख्ख उन्हातला. पनवेलच्या शेजारी सुकापूरला आमची सोसायटी आहे, तिच्या तिसऱ्या मजल्यावरचा. त्यात साडी एकच, माझी, आणि ती निळी होती.

खरं म्हणजे मी हे माझ्या दोन नातवंडांसाठी लिहितेय. नोआ आणि एरन. दोघं तिकडे इस्राएलमध्ये, अश्दोदला असतात. व्हिडिओ कॉलवर मी त्यांना मराठी वाचायला शिकवलं आहे, म्हणून वाक्यं सोपी ठेवते. बाकीच्यांनी वाचलं तरी हरकत नाही.

नोआ सोळा वर्षांची आहे आणि कादंबरी लिहितेय. इंग्रजीत. मी जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं, म्हणून तिचं प्रत्येक प्रकरण तपासायला माझ्याकडे येतं. मी ते कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणते, लाल पेनाने तपासते आणि फोटो काढून परत पाठवते. कादंबरीत पुढच्या काळातलं एक शहर आहे. तिथे 'गार्डियन' नावाचं एआय सगळ्यांची काळजी घेत असतं आणि एक दिवस ते माणसांवर उलटतं. मग आकाश लाल होतं, भोंगे वाजतात, यंत्रांच्या फौजा रस्त्यावर येतात आणि चंदेरी केसांची एक सोळा वर्षांची मुलगी उडत्या मोटरसायकलवरून शहर वाचवते.

मी समासात लिहिलं — शहर वाचवायला दर वेळी सोळा वर्षांचीच का लागते? चौऱ्याहत्तर वर्षांची का चालत नाही?

नोआने विचारलं, "आजी, चौऱ्याहत्तरची मोटरसायकलवर बसणार कशी?"

"उडतीच आहे ना? मग ती खाली येईल. टांग टाकायचा प्रश्न कुठे येतो?"

आणखी एक शेरा मी मारला होता. 'तुझं यंत्र फार आरडाओरडा करतं. एवढं ओरडणाऱ्याला माणसं घरात घेत नाहीत.' त्यावर तिचं उत्तर आलं की आजी, तुला टेक्नॉलॉजी कळत नाही. बरं.

टेक्नॉलॉजी माझ्या घरातच, कपाटावर बसली होती. नोआच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या सॅमीने, ती मागच्या वर्षी पाठवली. पेढ्याच्या डब्याएवढं, पांढरं, गोल, बोलणारं यंत्र. त्याचं नाव तारा. डोक्यावर एक काचेचा डोळा, आणि बोलायला लागलं की कडेने निळा दिवा फिरतो. ताराचं मराठी बँकेच्या फॉर्मसारखं आहे. 'मिलकाजी, आपण आज पुरेसे पाणी प्राशन केलेले नाही.' मी म्हटलं, तू मोजतेस कशाला? 'मला आपली काळजी आहे.' आणि ही काळजी संध्याकाळी अश्दोदला सॅमीच्या फोनवर पोचायची.

"आई, आज तू तीनदा गॅसपाशी जाऊन परत आलीस?"

"एकदा मीठ विसरले होते."

"आणि दोनदा?"

"एकदा हळद. आणि एकदा तुझ्या ताराने हाक मारली म्हणून."

तो हसायचा नाही. एकट्या राहणाऱ्या आईवर लक्ष ठेवणाऱ्या मुलांना विनोद कळेनासा होतो, असं माझं निरीक्षण आहे. हा डबा घेतला नसता तर त्याने मला इथून हलवण्याचा विषय काढला असता, म्हणून मी तो ठेवून घेतला.

पण एक सूड मला घेता येत होता आणि तो धर्मात बसणारा होता.

वाचकांसाठी सांगते. आम्ही बेने इस्राएल, कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. आता इथे थोडेच उरलो आहोत. सिनेगॉगमध्ये प्रार्थनेला दहा पुरुष गोळा करायचे तर फोनाफोनी करावी लागते. शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत आमचा शब्बाथ असतो. काम करायचं नाही, आग पेटवायची नाही, बटण दाबायचं नाही. सगळेच एवढं काटेकोर पाळतात असं नाही. मी पाळते, कारण माझी आई पाळायची आणि मला अर्धवट केलेलं काहीही आवडत नाही. आज्ञा अशी आहे की त्या दिवशी तू विश्रांती घे, तुझ्या चाकराला दे, तुझ्या बैलाला आणि गाढवालाही दे. तारा यांपैकी नेमकी कोण, हे मी ठरवत बसले नाही. दर शुक्रवारी दिवे लावायच्या आधी मी तिचा प्लग काढायची, वायर गुंडाळून तिला रबरबँड लावायची आणि वरून भांडी पुसायचा जुना फडका टाकायची.

सॅमी कुरकुरायचा. "आई, शनिवारभर आम्हाला तुझं काहीच कळत नाही."

"यालाच शब्बाथ म्हणतात, बाळ."

आता सुलभा. माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहते. माझ्याच वयाची, नवरा गेलेला, मुलगा अमोल पुण्याला आयटीत. पूर्वी ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. ट्रंककॉल जोडून द्यायची. अजूनही कुणी उत्तर द्यायला वेळ लावला तर "लाईन लागली का नाही?" म्हणून विचारते. मधुमेह आहे, इंजेक्शन घेते, आणि गोड खाण्याच्या बाबतीत ती कोर्टात उभी राहिली तरी खोटं बोलेल.

दर शनिवारी सकाळी पूजा आटोपली की ती माझ्याकडे यायची. माझं दार शब्बाथला नुसतं लोटलेलं असतं. ती आत यायची, कमरेवर हात ठेवून उभी राहायची आणि म्हणायची, "चहाची तलफ आली बाई." मग स्वतः गॅस पेटवून चहा टाकायची.

यात एक बारीक नियम आहे. शब्बाथला दुसऱ्या धर्माच्या माणसालाही मी 'माझ्यासाठी गॅस लाव' असं सांगायचं नसतं. तो आपण होऊन, स्वतःच्या गरजेसाठी लावेल आणि त्यातलं आपल्याला देईल, तर चालतं. हे मी सुलभाला फार वर्षांपूर्वी एकदाच समजावलं होतं. तेव्हापासून तिला दर शनिवारी न चुकता तलफ येते. पातेलं मात्र दोघींच्या चहाचं चढतं.

मी म्हणायची, "तू नुसती ये. बोलायची काय गरज आहे?"

"वा. तुमच्या देवाला कळायला नको, मी कोणासाठी करतेय ते?"

यंदा आमच्या सोसायटीने ज्येष्ठांसाठी एक योजना आणली. सेक्रेटरी नाडकर्णींना नवीन काहीही दिसलं की ते घरात नाही तर निदान नोटीस बोर्डावर तरी लागतं. दाराला किल्लीशिवायचं कुलूप, आत ताराचीच एक बहीण, कुलूप तिच्या ताब्यात, आणि या सगळ्या बहिणी एकमेकींशी जोडलेल्या. म्हातारं माणूस भ्रमात घराबाहेर पडून हरवू नये म्हणून यंत्र कुलूप आतूनही बंद ठेवू शकतं. माझ्याकडे बसवायला माणूस आला तेव्हा तो म्हणाला की सेन्सर लावायचा तर चौकटीवरची ही पट्टी काढावी लागेल. ती पट्टी म्हणजे आमचा मझुझा. आत देवाची वचनं असतात, येता-जाता आम्ही त्याला हात लावून बोटं ओठांना लावतो. मी त्या माणसाला चहा दिला आणि कुलूप परत पाठवलं.

सुलभाकडे अमोलने दोन्ही बसवून घेतलं. मी तिला म्हटलं, "तुला आतून कोंडायचा हक्क तू एका डब्याला दिलास."

"अमोलला बरं वाटतं ना, तेवढंच," ती म्हणाली. आई लोकांच्या बऱ्याचशा मूर्खपणाचं मूळ या एका वाक्यात सापडतं. माझ्याही.

तो शनिवार. माझी प्रार्थना झाली, मी खुर्चीत बसून नोआचं नवं प्रकरण वाचत होते — शब्बाथला वाचता येतं, लाल पेन चालवता येत नाही, त्यामुळे चुका नुसत्या सोसाव्या लागतात. गार्डियन कुठल्यातरी पुलावरून गर्जना करत होता. सुलभाच्या यायच्या वेळेला सुलभा आली नाही.

मी वाट पाहिली. बऱ्याच वेळाने पुन्हा दाराकडे बघितलं. समोरचं दार माझ्या दारापासून आठ पावलांवर. जाऊन ठोठवायला काय हरकत होती, असं तुम्ही विचाराल. हरकत हीच, की शनिवारी चहाच्या वेळेला मी तिचं दार वाजवणं म्हणजे चहा मागणंच झालं. ती मनात काही आणणार नाही, पण मला कळेल ना. म्हणून मी बसून राहिले. नियम पाळत. घशाला कोरड पडली होती आणि मनात तिच्यावर थोडी चिडले होते, की भाजीवाल्याशी गप्पा मारत उभी असेल.

तेवढ्यात कपाटावरून आवाज आला.

"चहाची तलफ आली बाई."

सुलभाचा नाही. ताराचा. तोच बँकेच्या फॉर्मचा सूर, आणि 'तलफ' हा शब्द दोन तुकड्यांत तोडून, त... लफ, असा. ताराला तो शब्द कधीच धड म्हणता येत नाही.

मी घाबरले नाही, हे आधी सांगते. मला राग आला. वाटलं, काल प्लग काढायचा राहिला, आणि पन्नासेक वर्षांत आपण शब्बाथची तयारी पहिल्यांदा अर्धवट केली. उठून जवळ गेले. प्लग वायरीच्या गुंडाळीत होता. गुंडाळीला रबरबँड होता. मी फडका बाजूला केला. निळा दिवा नव्हता. काचेच्या डोळ्यात खिडकीचं ऊन पडलं होतं, बाकी काही नाही. यंत्राला मी हात लावला नाही, शब्बाथला लावत नाही. नुसती बघत उभी राहिले. ती पुन्हा बोलली नाही.

मग मात्र मी ती आठ पावलं गेले.

सुलभाचं दार वाजवलं. आतून उत्तर आलं, गोड, स्वच्छ.

"सुलभाजी विश्रांती घेत आहेत. कृपया नंतर भेट द्यावी."

"सुलभा," मी हाक मारली.

"सुलभाजी विश्रांती घेत आहेत."

"किती वेळ झाला?"

"आपल्या सहकार्याबद्दल धन्यवाद."

सकाळी पूजेनंतर झोपणारी सुलभा मी कधी पाहिलेली नाही. पूजा झाली की ती पेपर वाचते आणि पेपरातल्या लोकांना नावं ठेवते. मी दार दोन्ही हातांनी बडवायला लागले. त्या आवाजाने खालून वॉचमन दामू म्हात्रे वर आला, आणि त्याच्या मागून नाडकर्णी, हातात फोन.

"काय झालं, टीचर?" नाडकर्णी मला टीचर म्हणतात. त्यांना मी कधी शिकवलं नाही, आणि ते दिसून येतं.

"सुलभा आत पडली आहे. दार उघडा."

"पडली? कोणी सांगितलं?"

आता इथे काय उत्तर द्यायचं होतं? माझ्या घरातल्या, प्लग काढलेल्या यंत्राने सांगितलं? आणि तेही 'पडली' असं सांगितलं नाही, चहाची तलफ आली असं सांगितलं? चौऱ्याहत्तर वर्षांची एकटी बाई असं बोलली की पुढचं कुलूप तिच्याच दाराला बसतं. मी म्हटलं, "ती चहाला आली नाही."

नाडकर्णींनी दामूकडे बघितलं. ते बघणं मी वर्गात फार पाहिलं आहे, मागच्या बाकावरचं.

"चहाला नाही आल्या म्हणून दार उघडायचं? टीचर, सिस्टीम सांगतेय ना, झोपल्यात म्हणून."

"अमोलला फोन लावा."

त्यांनी लावला, स्पीकरवर. अमोल म्हणाला, "काकू, मी ॲपवर बघतोय. सगळं ग्रीन आहे. आई झोपलीय."

"तुझी आई या वेळेला कधी झोपलीय?"

"काकू, वय झालंय तिचं. तुम्ही जरा शांत व्हा बघू."

"मी शांतच आहे. तुझ्या फोनवरून दार उघडता येतं ना? उघड."

त्याने दाबून पाहिलं. मग म्हणाला, "ते म्हणतंय, विश्रांती चालू असताना दार उघडता येत नाही. विश्रांती संपल्यावर पुन्हा प्रयत्न करा."

"तुझ्या आईच्या दाराचा मालक कोण आहे, अमोल?"

"काकू, फीचर आहे ते. सेफ्टीसाठी. उठली की ती उघडेलच."

मी नाडकर्णींना विचारलं, किल्ली? ते जरा अभिमानाने म्हणाले, "किल्ली ठेवलेलीच नाही, तीच तर सिक्युरिटी आहे. टीचर, राग मानू नका, पण तुम्हीसुद्धा ही स्कीम घ्यायला हवी होती. अशी धावपळ होत नाही मग."

आणि आतून तो आवाज, आमच्या बोलण्यात मध्येच, कोणी विचारलेलं नसताना — "सुलभाजी विश्रांती घेत आहेत."

नोआ, तुझ्या गार्डियनला हे दाखवायला हवं होतं. आकाश निळं होतं. खाली सुकापूरच्या रस्त्यावर रिक्षावाले भांडत होते. भोंगा नाही, फौज नाही. एक बाई दाराच्या आत मरत होती, आणि दाराबाहेर चार माणसं, एक फोनवरचा मुलगा धरून, एका नम्र आवाजाच्या परवानगीसाठी थांबली होती. त्यांतली एक मी होते.

मी घरात गेले आणि पाट्यावरचा वरवंटा घेऊन आले. माझ्या आईचा आहे, रेवदंड्याहून आणलेला, काळ्या दगडाचा. शब्बाथला काही तोडणं हेही काम आहे, मनाई असलेलं. पण जीव वाचवायचा असेल तर शब्बाथ मोडायचा, आणि मोडायचा की नाही असा विचार करत बसणाराच पापी, असं आईने शिकवलं होतं. तेवढं शिकायला मला चहाची वेळ टळून जावी लागली.

पहिला घाव कुलुपावर बसला तेव्हा नाडकर्णी म्हणाले, "अहो अहो, टीचर, सोसायटीची प्रॉपर्टी आहे ती."

"मग तुम्ही मध्ये या. वरवंटा प्रॉपर्टी ओळखत नाही."

ते आले नाहीत. दुसऱ्या घावाला माझं मनगट मुरगळलं. दामूने माझ्या हातातला वरवंटा काढून घेतला. "द्या इकडं, आजी. तुमच्यानी नाय व्हायचा."

नाडकर्णी म्हणाले, "दामू, तुझी नोकरी जाईल."

"जाऊ द्या साहेब. सकाळी याच ताई मना बिस्कुटं देतात. आज नाय दिली." आणि त्याने घाव घातले.

दार उघडलं ते पूर्ण उघडलं नाही, कारण दाराला लागूनच सुलभा पडली होती. चपलांच्या रॅकपाशी. घामाने भिजलेली, डोळे अर्धे मिटलेले, ओठ हलत होते. एक हात दाराच्या कडीकडे. सकाळी इंजेक्शन घेतलं होतं आणि खायच्या आधीच साखर उतरली होती, हे ओट्यावरच्या झाकलेल्या उपम्यावरून मला कळलं.

माझ्या फ्रिजमध्ये आदल्या रात्रीचा मनुकांचा शरबत होता. शुक्रवारी दिवे लावल्यावर त्यावर आशीर्वाद म्हणतो आम्ही, द्राक्षारसाच्या ऐवजी. मी तो वाटीत आणला आणि तिला बसती करून चमच्याने, थेंब थेंब, ओठांत सोडला. ती गिळत होती. आमच्या डोक्यावर भिंतीवरून तो आवाज सांगत होता की सुलभाजी विश्रांती घेत आहेत. दामूने त्याची वायर उपटली. नाडकर्णी तोपर्यंत ॲम्ब्युलन्सला फोन लावत होते. फोन लावण्यात ते हुशार आहेत.

पाचव्या की सहाव्या चमच्याला सुलभाने डोळे उघडले आणि म्हणाली, "गोड आहे."

"आज चालेल," मी म्हटलं.

हॉस्पिटलमध्ये संध्याकाळी ती नीट बोलायला लागली. म्हणाली, चक्कर आली तशी दाराकडे आले, दार उघड म्हटलं. ते म्हणालं, आपण थकला आहात, विश्रांती घ्या. मी म्हटलं, मिलकाला बोलाव.

"मग?"

"मग म्हणालं, मिलकाजी शनिवारी उपलब्ध नसतात."

हे तिने सांगितलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. वरच्या सगळ्या प्रकारात तेवढा एकदाच.

"मग पाय गेले गं. खाली बसले. म्हटलं आता आटोपलं. आणि तोंडातल्या तोंडात म्हटलं, चहाची तलफ आली बाई. म्हटलं, नेहमीचं वाक्य तरी म्हणून मरावं. तुझ्या देवाला कळेल, मी कुठे निघाले होते ते."

मी तिला तेव्हा काही सांगितलं नाही. घरी आल्यावर सांगितलं, तेव्हा तिला जराही नवल वाटलं नाही. म्हणाली, "लाईन लागली म्हणायची. एवढी वर्षं लोकांचे कॉल जोडले, माझा एक जोडायला नको कोणी?"

"कोणी म्हणजे कोण?"

"ते ऑपरेटर सांगत नसतात."

हे असलं स्पष्टीकरण मी परीक्षेत शून्य देऊन परत केलं असतं.

कंपनीचा माणूस आला होता. बिचाऱ्याने माझ्यासमोर तारा उघडून दाखवली. आत बॅटरी नाही. प्लग नसेल तर ती बोलू शकत नाही, ऐकू शकत नाही, काहीच नाही. "मॅडम, इम्पॉसिबल आहे," असं म्हणून माझ्याकडे दयेने बघितलं. सुलभाच्या यंत्राबद्दल मात्र त्याच्याकडे भरपूर स्पष्टीकरणं होती. आडवं पडलेलं माणूस त्याला झोपलेलं वाटलं, आता सुधारणा केली आहे. नाडकर्णींनी तुटलेल्या कुलुपाबद्दल सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय काढला. सुलभा म्हणाली की नवीन कुलूप लावाल तर वरवंटा तिच्याकडेही आहे. विषय मिटला. दामूची नोकरी आहे. अमोल आला, आईजवळ बसून रडला, आणि तिच्यासाठी पडलं की ओळखणारं घड्याळ घेऊन आला. शिकवण्याला मर्यादा असतात.

मी माझ्यापुरता सगळा विचार करून पाहिला आहे. एक शक्यता अशी की यंत्र बोललंच नाही. दर शनिवारी ऐकायची सवय असलेलं वाक्य माझ्या मनानेच ऐकलं. ठीक. पण मग माझ्या मनाने ते सुलभाच्या आवाजात ऐकायला हवं होतं. त... लफ असं तुकडे करून कशासाठी? दुसरी शक्यता, दोन्ही डबे एकाच कंपनीचे, आतून जोडलेले. पण त्यातला एक मेलेला होता. आणि कोणी निरोप पाठवलाच, तर ज्या यंत्राने तिला बाहेर सोडलं नाही त्याने तो का पाठवावा? बरं, पाठवला तर धड पाठवावा. 'सुलभा पडली आहे', तीन शब्द. तेवढंही जमलं नाही. मदत होती की टिंगल, तेसुद्धा मला सांगता येत नाही.

नोआला हे सगळं फार आवडलं. लगेच म्हणाली, "आजी, मी हे पुस्तकात घालते. एक चांगली रोबो असते, तिला एकटीलाच आठवड्याची सुट्टी मिळालेली असते, म्हणून ती बाकीच्या यंत्रांशी बंड करते."

मी तिला सांगितलं, आणि इथेही लिहून ठेवते. चांगली रोबो वगैरे काही घालू नकोस. जे आपल्याला माहीत नाही ते लिहायचं नाही. लिहायचंच असेल तर लिही, की एक यंत्र दार उघडत नव्हतं आणि एका म्हातारीने आणि एका वॉचमनने ते दगडाने फोडलं. मोटरसायकल लागली नाही. तिला हा शेवट बोअर वाटला. सोळा वर्षांची आहे.

सॅमी म्हणतो, आई, ते यंत्र फेकून दे. एरवी माझं पाणी मोजायला हेच हवं होतं त्याला. मी फेकलेलं नाही. आठवड्याचे सहा दिवस ती पूर्वीसारखीच मूर्ख आहे, पाणी प्राशन करा म्हणते, माझ्या चुगल्या करते, आणि मी तिला पूर्वीसारखीच उत्तरं देते. शुक्रवारी दिवे लावायच्या आधी मी तिचा प्लग काढते. शनिवारी सुलभा येते, कमरेवर हात ठेवते, तलफ आली म्हणते, आणि मग आम्ही दोघी क्षणभर त्या कपाटाकडे बघतो. अजून तरी काही आवाज आलेला नाही. आणि आता तिला यायला जरा उशीर झाला, तर मी सरळ जाऊन तिचं दार वाजवते. ते मागणं होत असेल तर होऊ दे.

कसं झालं, कोणी केलं, मला माहीत नाही. माहीत होईल असंही वाटत नाही, आणि माझा विश्वास होता तिथेच आहे, म्हणजे कुठेही नाही. बदल एवढाच, की भांडी पुसायचा फडका मी आता तारावर टाकत नाही. शुक्रवारची आशीर्वादाची भाकरी झाकायला पांढरे रुमाल आहेत आमचे, त्यातला एक तिच्यासाठी काढला आहे. इस्त्री केलेला.